सोलापूरच्या लावण्याला मनं ऐकू येतात, तर कादंबरी कुठून सुरू करावी?

सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने तिच्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं पाठवून विचारलंय: "माझी नायिका लावण्या अकरावी सायन्सला आहे. पूर्व भागात राहते, घरातच यंत्रमाग आहेत. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत एक साधू तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि तिला लोकांच्या मनातलं ऐकू यायला लागतं. पुढे तो तिला हिमालयातल्या एका गुप्त विद्यालयात नेतो. शक्ती कधी आणि कशी कळावी? तिचे नियम किती सांगावेत? आणि गोष्ट सोलापुरातच ठेवू, की पुण्या-मुंबईला नेऊ? असलं काही सोलापुरात घडतंय, हे कुणाला खरं वाटेल?"

गेली चोवीस वर्षं मी किशोर आणि तरुण वाचकांसाठीच्या कादंबऱ्यांचं संपादन करतेय, आणि माझं माहेर दाजी पेठेतलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. तू वयाने खूप लहान आहेस, तेव्हा अगं-तुगं केलं तर राग मानू नकोस.

तुझी तिन्ही प्रकरणं मी दोनदा वाचली. पहिल्या प्रकरणात लावण्याच्या घराचं दीड पान आहे. अम्मा सुताच्या कांड्या भरतेय, नान्ना म्हणजे तिचे वडील मागावर उभे आहेत आणि लावण्या त्या खडखडाटात फिजिक्स वाचतेय. ते दीड पान मी तिसऱ्यांदाही वाचलं. साधू आला आणि माझं लक्ष उडालं, कारण तो कुठल्याही गावातल्या कुठल्याही मुलीच्या डोक्यावर हात ठेवू शकला असता. घर मात्र लावण्याचंच होतं. माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं: शक्ती तिला बाहेरून कुणी आणून देऊ नये. तिच्या घरात जे आधीपासून चाललंय, त्याचीच ती वाढ असावी, आणि तिची किंमतही त्याच घरात मोजली जावी.

माझे वडील आयुष्यभर मागावर होते. मागाच्या आवाजात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाचे कान हळूहळू जातात, आणि ते गेल्याचं सगळ्यात उशिरा त्याला स्वतःलाच कळतं. बाबा लग्नात साधं "जेवलात का?" म्हणाले तरी समोरचा दचकायचा, वाटायचं भांडतायत. घरात आम्ही कुणी त्यांना मागून हाक मारत नसू. समोर जाऊन उभं राहायचं, ओठ नीट हलवायचे आणि आवाज न काढता बोलायचं. आई शेडच्या दारातून नुसते ओठ हलवून सांगायची, "सूतवाला आलाय", आणि बाबा पंधरा फुटांवरून मान डोलवायचे. मध्ये आडवं सूत नेणारा धोटा पळतोय, पापण्यांवर कापसाची तूस बसलीय, आणि तरीही दोघांचं बोलणं चाललंय. मी सहा-सात वर्षांची असताना मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी असं बोलतात.

आता लावण्याकडे बघ. सोळा वर्षं ती माणसांच्या ओठांकडे बघत वाढलीय. शब्द उमटायच्या आधी ओठांची ठेवण कशी होते, हे तिला पाठ आहे. मग एक दिवस ओठ हलायच्या आतच शब्द तिच्यापर्यंत पोचला, तर वाचकाला ते एक पायरी वर चढल्यासारखं वाटेल. साधूची गरजच पडणार नाही.

आणि ते कळावं कधी, तर लाइट जाते तेव्हा.

पूर्व भागात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. माग चालू असताना आवाज जाणवतच नाही, तो भिंतीसारखा असतो. लाइट गेली की एक-एक माग थांबतो, शेवटचा धोटा कुठेतरी मध्येच अडकतो, आणि गल्लीवर जी शांतता उतरते तिनं कान दुखतात. शेजारच्या घरातला कुकर, कुणाचा तरी खोकला, लांबचा हॉर्न, सगळं एकदम जवळ येतं. त्या पहिल्या मिनिटात लावण्याला नान्नांचा आवाज येऊ दे. "गुरुवारपर्यंत तरी थांब म्हणावं त्याला." ती वळून विचारते, "कुणाला थांब म्हणू?" आणि नान्नांच्या चेहऱ्यावर तिला दिसतं की ते काहीच बोललेले नाहीत. प्रकरण तिथेच तोड. शक्तीबद्दल एक अक्षर लिहू नकोस. ती पुढच्या प्रकरणात कानात तेल घालते, डॉक्टरकडे जाते, झोप कमी होतेय म्हणून असं होत असेल म्हणते. सायन्सची मुलगी आधी हेच करेल.

यातून तुझा पहिला नियमही मिळतो, आणि तो कुणी म्हाताऱ्याने बसून सांगावा लागत नाही. मागांचा आवाज चालू असेल तर तिला ऐकू येत नाही, आवाज थांबला की येतं. इतकी वर्षं तो खडखडाट तिचं रक्षण करत होता. आता विचार कर, सोलापुरात काय झालंय? १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, पुढे लक्ष्मी-विष्णू आणि बाकीच्या गिरण्या आल्या, भोंग्यावर शहर उठायचं. त्या गिरण्या बंद पडल्या. घराघरातले मागही एकेक करून बंद होतायत. तुझ्या कादंबरीत जसजसे माग थांबतील तसतसं शहर शांत होत जाईल, आणि लावण्याला जास्त-जास्त ऐकू येत जाईल. ही गोष्ट पुण्यात नेऊन बघ, जमते का. म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: सोलापूर सोडू नकोस.

नियम किती सांगायचे, हा प्रश्न मला नवखे लेखक सगळ्यात जास्त विचारतात. काही वर्षांपूर्वी मी एका हस्तलिखितावर काम करत होते. त्यातल्या नायकाला मन वाचता यायचं, उडता यायचं, काळ थांबवता यायचा. छापायला देण्यापूर्वी एका शाळेत नववीच्या वर्गाला त्याची दोन प्रकरणं वाचून दाखवली. मुलं शांत ऐकत होती. शेवटी एका मुलीने हात वर केला. "बाई, त्याला सगळं येतंय, तर तो आईच्या दवाखान्याचं बिल का भरत नाही?" त्या प्रश्नानंतर लेखकाने आणि मी मिळून दोन शक्त्या काढून टाकल्या आणि तिसरी अर्ध्यावर आणली. तेव्हापासून मी प्रत्येक हस्तलिखिताला त्या मुलीचा प्रश्न विचारते. लावण्याला मनं ऐकू येतात, तर ती पेपर का फोडत नाही? सावकाराच्या मनातलं ऐकून नान्नांना का वाचवत नाही? यांची उत्तरं तुझ्या वहीत तयार हवीत. वाचकाला सांगायचा तो एखादाच नियम, तोही तिने ठेच लागून शिकलेला.

एक नियम तर सोलापूरच तुला फुकट देतंय, आणि तुझ्या तीन प्रकरणांत तो कुठेच नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. मनं कोणत्या भाषेत ऐकू येतात?

तुझ्या मसुद्यात सगळे शुद्ध मराठीत विचार करतात. सोलापुरात? लावण्याच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, चौकात दखनी उर्दू, आणि बाळीवेशीकडे गेलं की कन्नड. माणूस बोलतो एका भाषेत आणि घाबरतो दुसऱ्या भाषेत. तिचे मराठीचे सर वर्गात प्रमाण मराठी बोलतात, पण पगार थकलाय हे त्यांच्या मनात कन्नडमध्ये चालू आहे. ते तिला ऐकू येतं, कळत मात्र नाही.

एक प्रसंग सुचवते. हवा तर घे, नको तर सोड. दवाखान्याच्या बाकावर लावण्याशेजारी एक कन्नड अज्जी बसलीय. अज्जीच्या मनात एकच शब्द फिरतोय, "मग… मग… मग…" लावण्याला वाटतं, अज्जी कसली तरी गोष्ट आठवतेय आणि पुढचं विचारतेय, मग? पुढे काय झालं? ती हसून दुर्लक्ष करते. दोन दिवसांनी कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणीकडून तिला कळतं की कन्नडमध्ये "मग" म्हणजे मुलगा. तेलुगूत त्याला कोडुकु म्हणतात, म्हणून घरची भाषा तिच्या उपयोगी पडली नाही. अज्जी मुलाला हाक मारत होती, आणि शेजारी बसलेली, जगात फक्त तिलाच ते ऐकू येत होतं अशी मुलगी उठून निघून गेली. यानंतर लावण्या कन्नड शिकायला घेईल. शक्ती वाढवायला मंत्र, तप, गुप्त विद्यालय कशाला हवं? बाराखडी गिरवणारी नायिका मला कुठल्याही तपस्विनीपेक्षा जवळची वाटते.

संवादांबद्दल एवढंच: "काय बे", "चल की बे" हे पोरं आपसात बोलतात, ते अकरावीच्या वर्गातल्या मुलांच्या तोंडी बिनधास्त घाल. पण मोठ्यांशी बोलताना कुणी "बे" म्हणत नाही, आणि तू तिसऱ्या प्रकरणात लावण्याच्या भावाला काकांशी तसं बोलायला लावलंयस. आमच्या घरी थोबाड फुटलं असतं.

आता खात्री करून घेण्याचा भाग. अकरावी सायन्सची मुलगी स्वतःवर प्रयोग करणारच. गेल्या शतकात, १९३० च्या दशकात, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी अशा शक्तींच्या चाचण्या घेतल्या. त्यासाठी झेनर पत्ते वापरायचे. पाच आकार, गोल, अधिकचं चिन्ह, तीन लाटा, चौकोन आणि तारा. प्रत्येकाचे पाच, एकूण २५ पत्ते. एकाने पत्ता बघायचा, दुसऱ्याने ओळखायचा. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर येतात. ऱ्हाइन यांचे निष्कर्ष पुढे इतरांना खात्रीने पुन्हा मिळवता आले नाहीत आणि विज्ञानाने ते स्वीकारलेही नाहीत. पण प्रयोगाची रीत तुझ्या कामाची आहे.

लावण्याची मैत्रीण पुठ्ठ्याचे पत्ते कापते. पहिल्या फेरीत लावण्याचे नऊ बरोबर येतात. मैत्रीण उड्या मारते. पण वर्गातला गणितवेडा मुलगा वहीत आकडेमोड करून सांगतो की साठ जणांच्या वर्गाने हा खेळ खेळला तर नुसत्या नशिबाने दोन-तीन जणांचे नऊ किंवा त्याहून जास्त येतील. ही आकडेमोड खरी आहे, तूही करून बघ. लावण्याला बरं वाटतं, म्हणजे आपल्याला काहीच झालेलं नाही. दुसरी फेरी घरी, माग चालू असताना. बारा पत्त्यांत दोन बरोबर. तेवढ्यात लाइट जाते. उरलेले तेरा पत्ते, तेराच्या तेरा बरोबर. मैत्रीण आता उडी मारत नाही. गणितवेड्याने पाचाचा तेरावा घात काढला की उत्तर येतं १२२ कोटींच्या वर. म्हणजे नशिबाने हे इतक्या वेळांत एकदा घडेल. तो वही मिटतो आणि थोडा सरकून बसतो. ते सरकून बसणं नीट लिही. मनातलं ऐकू येणाऱ्या मुलीशेजारी कुणाला बसावंसं वाटेल? तिच्या एकटेपणाची सुरुवात इथे आहे, आणि माझ्या मते तुझ्या कादंबरीचा मधला सगळा भाग या एका हालचालीतून निघू शकतो.

देवस्थान आणि यात्रा वापरल्याने कुणाच्या भावना दुखावतील का, असंही तू शेवटी जाता जाता विचारलंयस. यात्रा वापर, पण शक्ती देवाने दिली असं करू नकोस. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, कन्नडमध्ये वचनं लिहिणारे शिवयोगी. सोलापूरने त्यांच्या आठवणीत जपलंय ते त्यांनी लोकांना बरोबर घेऊन खोदलेलं तळं आणि गावात स्थापलेली ६८ लिंगं. योगशास्त्रातही पतंजलींनी विभूतिपादात परचित्तज्ञानापासून, म्हणजे दुसऱ्याचं मन कळण्यापासून, पुढे कितीतरी सिद्धी वर्णन केल्या आणि त्याच पादात म्हटलं, "ते समाधावुपसर्गा व्युत्थाने सिद्धयः", म्हणजे समाधीच्या वाटेवर ही विघ्नं आहेत. आपल्याकडची परंपरा अशा शक्तीला बक्षीस मानत नाही. तुझ्या साधूने शक्ती दिली आणि विद्यालयात नेलं, त्यापेक्षा घरातली नायनम्मा, म्हणजे आजी, "सोळावं लागलंय पोरीला" म्हणून काळजी करते, हे मला पटेल. पद्मशाली विणकराच्या घरात मार्कंडेयाची गोष्ट कुणाला माहीत नसते? सोळाव्या वर्षी मरण ठरलेला मुलगा. नारळी पौर्णिमेला त्याच मार्कंडेयाचा रथ सोलापुरात निघतो. ती काळजी आपोआप लावण्याच्या वयाला येऊन चिकटते, तुला काही जोडावं लागत नाही.

गड्डा पहिल्या प्रकरणातून काढून शेवटाकडे ने. जानेवारीत नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" चा गजर चालू असतो, म्हणजे लावण्याला संरक्षण आहे, ती आवाजाच्या आत सुरक्षित आहे. कुंभारकन्येचा सिद्धरामांच्या योगदंडाशी विवाह झाला, त्याची आठवण म्हणून संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. संमती, म्हणजे त्या विवाहाची वचनं, वाचायला सुरुवात होते आणि एवढी गर्दी कान देते. त्या शांततेत हजारो मनं एकदम तिच्यावर कोसळतात, चार भाषांत. त्यातून तिला एकच धागा धरायचाय. नंदीध्वज पेलणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल? तो महिनाभर सराव करून आलाय, उंच काठीचा तोल त्याच्या अंगावर आहे. त्याच्या मनात फक्त पुढचं पाऊल असेल. ते एक शांत मन तिला गर्दीत सापडू दे.

दुष्ट कोण, याबद्दल. तुझा खलनायक कालासुर मला नको वाटतो. लावण्याची बातमी गल्लीत फुटली की तिसऱ्या दिवशी दारात लोक उभे राहतील. हरवलेलं मंगळसूत्र, पळून गेलेला मुलगा, सासूच्या मनात काय आहे. तिचा एखादा काका खुर्ची टाकून नारळ आणि शंभराची नोट घ्यायला लागेल, आणि तो दुष्टही नसेल, त्याच्यावर कर्ज असेल. हे लिहिताना महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचून ठेव. अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचं सांगून लोकांना फसवणं त्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. काल्पनिक कादंबरी लिहिणं त्यात येत नाही, घाबरू नकोस. पण तुझ्या पात्रांना तो लागू आहे. लावण्याची शक्ती खरी, काकाचा धंदा खोटा, आणि पोलीस आले तर हा फरक ती सिद्ध कशी करणार? त्यांच्यासमोर मन वाचून दाखवलं तर सुटेल, पण मग आयुष्यभर दारात रांग लागेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं मी शेवटी ठेवलंय. लाइट गेल्यावरचं मी सुचवलेलं "गुरुवारपर्यंत तरी थांब म्हणावं त्याला", हे नान्ना कुणाला म्हणत होते, ते तुला ठरवावं लागेल. माझ्या डोक्यात जे आलं ते सांगते. तो भंगारवाला आहे. नान्नांनी चारही माग किलोवर विकायचं ठरवलंय, घरात कुणाला न सांगता. पैसे लावण्याच्या पुढच्या शिक्षणाच्या फीसाठी हवेत. लावण्याने ते ऐकलंय. तिला हेही कळलंय की माग गेले की घर कायमचं शांत होणार, आणि मग तिला झोपेतसुद्धा सुटका नाही. माग विकू नका म्हणावं, तर तुला कसं कळलं हे सांगावं लागेल. गप्प बसावं, तर त्याच पैशांवर शिकावं लागेल. नान्ना तिच्यासाठी जे करतायत, त्यानेच ती उद्ध्वस्त होणार आहे, आणि ते फक्त तिला माहीत आहे. तुझ्या कालासुराच्या तिन्ही लढाया मी या एका गुरुवारासाठी सोडून देईन.

माझ्या माहेरचे माग गेले तेव्हा मी तिथे होते. लोखंड सुटं करायला दोन दिवस लागले. धोटे लाकडाचे म्हणून भंगारवाल्याने बाजूला टाकले, बाबांनी त्यातला एक उचलून पुसला आणि खिडकीत ठेवला. त्या रात्री जेवताना बाबा नेहमीच्याच मोठ्या आवाजात बोलले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाने सगळं घर भरून गेलं, कारण दुसरा आवाजच नव्हता. आई आवाज न काढता, ओठांनीच म्हणाली, "हळू."

दिवाळीनंतर मला फक्त दोन प्रकरणं पाठव, लाइट जाण्याचं आणि कन्नड अज्जीचं. अज्जीचं प्रकरण पाठवण्याआधी कन्नड बोलणाऱ्या माणसाला वाचून दाखव. आणि गुरुवारी वजनकाटा दारात येईल तेव्हा लावण्या घरात कुठे उभी असेल, एवढं एका ओळीत कळव.